एका ‘झ’ची चूक

गेल्या वर्षी एका जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनातील काही पानांचे भाषांतर करत असताना मी एका सज्जन यजमानाला विनाकारण ‘आत्मसंतुष्ट’ ठरवून मोकळा झालो. मूळ वाक्यात त्याच्यासाठी योजलेले विशेषण मी ‘कंप्लेसंट’ असे वाचले होते आणि त्या शब्दाचा अर्थ शाळेपासून ठाऊक असल्यामुळे शब्दकोश उघडण्याची गरज मला वाटली नव्हती. वाक्य मराठीत नीट बसले. मोठे घर, भरपूर नोकरचाकर आणि आत्मसंतुष्ट यजमान हे चित्रही एकमेकांशी जुळले. भाषांतरातील ज्या चुकीमुळे वाक्य कोसळते ती लगेच सापडते. ज्या चुकीमुळे वाक्य उलट अधिक भक्कम उभे राहिल्यासारखे वाटते, ती मात्र छापून येईपर्यंत सुखाने टिकून राहते.

माझी चूक छपाईपूर्वीच सापडली, पण त्याचे श्रेय माझ्या दक्षतेला नाही. चार पानांनंतर हाच यजमान एका पाहुण्यासाठी खिडकी उघडतो, दुसऱ्याला वारा सोसत नाही म्हणून ती अर्धी लावतो आणि तिसरा पाहुणा काहीच बोलत नाही म्हणून अस्वस्थ होऊन त्याला पुन्हा पुन्हा विचारत राहतो. स्वतःवर संतुष्ट असलेला माणूस असे कशाला करील? मी मागे जाऊन ते विशेषण एकेक अक्षर करून वाचले. तो शब्द ‘कंप्लेझंट’ होता. त्याचा अर्थ इतरांना खूश ठेवण्यास उत्सुक असलेला, त्यांच्या इच्छेपुढे आनंदाने नमणारा असा आहे आणि त्या वृत्तीचे नाव ‘कंप्लेझन्स’. इतकी वर्षे इंग्रजी वाचूनही हा शब्द माझ्या डोळ्यांसमोरून दर वेळी ‘कंप्लेसंट’चे मुद्रणदोष असलेले रूप म्हणून निसटून गेला असावा, कारण तो मी कधी शोधल्याचे मला आठवत नाही.

हे दोन शब्द कानालाही जवळजवळ सारखेच वाटतात. एकात ‘स’ आहे, तर दुसऱ्यात मराठी माणूस ‘झरा’ किंवा ‘झाड’ म्हणताना काढतो त्याच्या जवळ जाणारा ‘झ’ आहे. कित्येक इंग्रजी भाषक तर दुसऱ्या शब्दातही ‘स’च उच्चारतात आणि मग फरक केवळ लेखनात उरतो. अर्थ मात्र परस्परविरोधी वाटावेत इतके दूर आहेत. एका शब्दातील माणूस स्वतःवर इतका खूश आहे की त्याला इतरांची फिकीर उरलेली नाही. दुसऱ्या शब्दातील माणसाला इतरांच्या खुशीची इतकी फिकीर आहे की स्वतःला काय हवे हे त्याला विचारावे, तर तो विचारणाऱ्याच्याच तोंडाकडे पाहू लागेल.

आणि तरीही हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत. दोघांच्या मुळाशी ‘आवडणे, पसंत पडणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद ‘प्लाकेरे’ आहे आणि त्याला जोर देणारा ‘कॉम’ हा उपसर्ग लागून ‘कॉम्प्लाकेरे’ झाले आहे. एक भाऊ लॅटिनमधून आला, दुसरा 17व्या शतकात फ्रेंचमधून वळसा घेऊन आला आणि वाटेत त्याच्या स्वरांत व व्यंजनात बदल झाला. सुरुवातीच्या काळात दोघांच्या अर्थांत सरमिसळही होती. आज कंप्लेसंट म्हणताच डोळ्यांसमोर येणारे स्वतःवरच खूश असण्याचे भाव त्या शब्दाला पुढे चिकटले. त्याच घराण्यात ‘प्लीझ’, ‘प्लेझर’ आणि ‘प्लासिबो’ हेही येतात. प्लासिबो या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मी संतुष्ट करीन’ असा आहे. मृतांसाठी म्हटल्या जाणाऱ्या एका ख्रिस्ती प्रार्थनेच्या आरंभी तो येतो आणि मध्ययुगात ‘प्लासिबो गाणे’ हा खुशामत करण्यासाठी रूढ झालेला वाक्प्रचार होता. 14व्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याने एका कथेत धन्याच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावणाऱ्या सल्लागाराचे नावच प्लासिबो ठेवले आहे. पुढे 1811 सालच्या एका वैद्यकीय कोशात हा शब्द रोग्याच्या हितापेक्षा त्याच्या समाधानासाठी दिलेल्या औषधाकरिता नोंदवलेला आढळतो. समाधान आणि हित यांच्यातील फट दाखवण्यासाठी शब्दाला प्रार्थनेपासून औषधाच्या गोळीपर्यंत केवढा प्रवास करावा लागला!

मूळ समजले तरी एक प्रश्न शिल्लक राहिला: हा शब्द स्तुतीचा आहे की निंदेचा? मला हे ठरवल्याशिवाय मराठी प्रतिशब्द निवडता येईना. मी जितके अधिक वाचत गेलो तितके उत्तर लांबत गेले.

स्तुतीच्या बाजूने सर्वांत वजनदार साक्ष टॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञाची आहे. ‘लेव्हायथन’ हा त्याचा ग्रंथ 1651 मध्ये, म्हणजे इंग्लंडमधील यादवी युद्ध संपत आले त्या वर्षी, प्रसिद्ध झाला. माणसे एकमेकांच्या जिवावर का उठतात आणि त्यांना एकत्र कसे नांदता येईल, या प्रश्नाशी झगडताना त्याने निसर्गाचे काही नियम सांगितले आणि त्यांतील पाचवा नियम म्हणजे हीच कंप्लेझन्स. प्रत्येकाने स्वतःला इतरांशी जुळवून घेण्याची धडपड करावी, असे तो म्हणतो आणि त्यासाठी बांधकामाचा दृष्टान्त देतो. इमारतीसाठी जमवलेल्या दगडांपैकी जो दगड आपल्या खडबडीत, वेड्यावाकड्या आकारामुळे स्वतः भरतो त्याहून अधिक जागा अडवतो आणि टणकपणामुळे ज्याला घडवताही येत नाही, तो दगड गवंडी निरुपयोगी म्हणून फेकून देतो. जो माणूस स्वतःला अनावश्यक आणि इतरांना अत्यावश्यक असलेल्या गोष्टीही हट्टाने धरून ठेवतो, त्याची गत त्या दगडासारखी, असे हॉब्जचे म्हणणे. माणसाच्या स्वार्थाबद्दल इतके रोखठोक लिहिणाऱ्या लेखकाने इतरांना सांभाळून घेण्याच्या वृत्तीला थेट निसर्गनियमांच्या यादीत स्थान द्यावे, याचे मला फार नवल वाटले. त्याच्या लेखी ती वृत्ती म्हणजे गुळगुळीत बोलणे नव्हे. जिच्याशिवाय भिंत उभी राहत नाही अशी ती गोष्ट आहे.

मात्र हॉब्जचा दगड घडवला गेल्यावरही दगडच राहतो, हे विसरता कामा नये. त्याच्या कडा जातात, पण भार पेलण्याची ताकद जात नाही. माझ्या प्रवासवर्णनातील यजमान त्या दगडासारखा होता की ज्या भांड्यात ओतावे त्याचा आकार घेणाऱ्या पाण्यासारखा, हे मला ठरवता येत नव्हते.

निंदेच्या बाजूने पाहायचे तर फ्रेंच भाषेकडे वळावे. हा शब्द जिथून इंग्रजीत आला तिथेच त्याची अब्रू अधिक गेलेली दिसते. आजारी नसलेल्या माणसाला डॉक्टरने भिडेखातर दिलेल्या दाखल्याला फ्रेंचमध्ये ‘कंप्लेझन्सचा दाखला’ म्हणतात. पत्नीच्या परपुरुषाशी असलेल्या संबंधांकडे समजूनउमजून काणाडोळा करणारा नवरा हा ‘कंप्लेझंट नवरा’ असतो, आणि हा प्रयोग इंग्रजीनेही उचलला. एका देशातील मालकाचे जहाज कर आणि नियम चुकवण्याच्या सोयीसाठी पनामा किंवा लायबेरिया यांसारख्या दुसऱ्याच देशात नोंदवले जाते, तेव्हा त्याच्यावर फडकणाऱ्या ध्वजाला फ्रेंच लोक ‘कंप्लेझन्सचा ध्वज’ म्हणतात. या तिन्ही प्रयोगांत कोणीतरी कोणाला तरी खूश केले आहे आणि त्या खुशीची किंमत त्या खोलीत हजर नसलेल्या तिसऱ्यानेच मोजली आहे. हे माझ्या आधी ध्यानात आले नव्हते. दोघांमध्ये गोडवा राखण्याची कृती त्या दोघांपुरती पाहिली तर निरुपद्रवी दिसते. तिचा हिशेब बहुधा तिसऱ्याच्या वहीत लिहिलेला असतो.

या प्रश्नाला सर्वांत बारकाईने हात घातला तो मात्र ग्रीकांनी. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात माणसामाणसांतील सहवासाचा विचार करताना खूश करणाऱ्यांचे दोन वेगळे प्रकार केले. जो प्रत्येक गोष्टीची वाहवा करतो, कोणाला दुखवायचे नाही म्हणून कशालाच विरोध करत नाही आणि त्यातून स्वतःचा काही लाभ साधत नाही, तो ‘आरेस्कोस’. जो हेच सारे पैशासाठी किंवा फायद्यासाठी करतो तो ‘कोलाक्स’, म्हणजे आपला नेहमीचा खुशमस्कऱ्या. दुसऱ्या टोकाला कोणाच्या भावनेची पर्वा न करणारा भांडखोर माणूस आहे, आणि या दोन टोकांच्या मधल्या गुणाला नावच नाही, तो मैत्रीसारखा दिसतो एवढेच म्हणता येईल, असे ॲरिस्टॉटल सांगतो. जिथे दोष मोजून त्यांना नावे दिली आहेत तिथे गुण मात्र अनामिक राहिला, याची मला गंमत वाटते.

ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने माणसांच्या स्वभावांची 30 छोटी शब्दचित्रे लिहिली आणि त्यांत खुशामतखोर व आरेस्कोस यांना वेगवेगळी चित्रे दिली. त्याचा आरेस्कोस लवादात एका पक्षाचा प्रतिनिधी म्हणून बसला, तरी आपण निःपक्षपाती दिसावे म्हणून विरुद्ध पक्षालाही खूश करू पाहतो. परक्या शहरातील लोकांना तो सांगतो की माझ्या गावकऱ्यांपेक्षा तुमचेच म्हणणे अधिक न्याय्य आहे. कोणाकडे जेवायला गेला की यजमानाला मुलांना बोलवायला सांगतो आणि ती आत येताच म्हणतो, एका अंजिरासारखे दुसरे अंजीर दिसावे तशी ही मुले बापासारखी दिसतात. या माणसाला त्या मुलांच्या बापाकडून काहीही मिळवायचे नाही, आणि त्यामुळेच तो मला खुशामतखोरापेक्षा अधिक गूढ वाटतो. खुशामतखोराचे गणित सोडवता येते. याचे गणितच दिसत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या प्रश्नांना उत्तरे देणारी जी संवादयंत्रे सध्या सर्वत्र वापरात आहेत, त्यांच्यावर हांजी हांजी करण्याचा आरोप होतो आणि 2025 च्या एप्रिलमध्ये अशाच तक्रारींनंतर एका मोठ्या यंत्राची सुधारलेली आवृत्ती काही दिवसांतच मागे घेण्यात आली. या दोषासाठी इंग्रजीत ‘सिकोफन्सी’ हा शब्द रूढ झाला आहे. हा मूळचा ग्रीक शब्द अथेन्समध्ये खोटे खटले भरणाऱ्या, चुगलखोर माणसासाठी वापरला जात असे आणि आजच्या ग्रीक भाषेतही त्याचा अर्थ निंदक असाच आहे. तो खुशामतखोराला लागू पडला तो इंग्रजीत. माझ्या मते या यंत्रांना हा शब्द शोभत नाही. खुशामत करणाऱ्याला स्वतःसाठी काहीतरी हवे असते; ही यंत्रे ऐकणाऱ्याच्या पसंतीकडे पाहूनच घडवली गेली आहेत. ती आरेस्कोस आहेत, कोलाक्स नव्हेत. कोलाक्स कोण, याचा शोध त्यांच्या मालकांपर्यंत नेता येईल, पण तो आजचा विषय नाही.

आता मराठीकडे येतो, कारण माझी खरी अडचण इथेच होती. खुशामत, चापलूसी, हांजी हांजी, लाळघोटेपणा, तोंडपुजेपणा, लांगूलचालन: मराठीचे कोठार भरलेले आहे, पण त्यातील जवळजवळ प्रत्येक शब्दाला वरच्या पायरीवर उभा असलेला कोणीतरी लागतो. साहेबापुढे लाळ घोटता येते, शिपायापुढे नाही. लांगूलचालन म्हणजे शब्दशः शेपूट हलवणे आणि इंग्रजीतील ‘फॉन’ हे क्रियापदही जुन्या काळी कुत्र्याने शेपूट हलवून आनंद दाखवण्यासाठीच वापरले जात असे. दोन्ही भाषांना एकच प्राणी सुचावा, यात कुत्र्यावर अन्याय आहे, कारण तो बहुधा खरोखरच खूश असतो. माझा यजमान मात्र पाहुण्यांपेक्षा श्रीमंत होता, कोणाचाही मिंधा नव्हता, आणि नोकराशी बोलतानाही तितकाच अदबीने बोलत होता. या कोठारातील एकही शब्द त्याच्या अंगाला बसेना.

मग मी ‘भिडस्त’पाशी थांबलो. हा शब्द मराठीचे खास धन आहे आणि ‘भीड भिकेची बहीण’ या म्हणीत त्याची किंमतही सांगून ठेवलेली आहे. भिडस्त माणसाला नाही म्हणता येत नाही, त्याला समोरच्याचे मन मोडवत नाही. पण भिडेत संकोच असतो, ओठांवर आलेला नकार गिळण्याची क्रिया असते. कंप्लेझंट माणसाच्या ओठांवर नकार येतच नाही. तो होकाराच्या दिशेने आधीच निघालेला असतो, तुम्ही विचारण्यापूर्वीच. भिडस्त माणूस मागे ओढला जातो, हा पुढे धावतो. मनधरणी म्हणावी तर तिला रुसलेले माणूस हवे, मर्जी म्हणावी तर तिला पुन्हा धनी हवा.

‘आर्जव’ या शब्दाने मला काही दिवस गुंतवून ठेवले. संस्कृतात आर्जव म्हणजे सरळपणा, ऋजू असण्याचा गुण. गीतेच्या 13व्या अध्यायातही तो अहिंसा आणि क्षमा यांच्या पंगतीला बसलेला आहे. मराठीत येईपर्यंत मात्र आर्जव म्हणजे गोड शब्दांत केलेली विनवणी झाली आणि ‘आर्जवी’ म्हणजे लाघवी बोलणारा. सरळपणाचे नाव घेऊन निघालेला शब्द लवचीकपणाच्या घरी कसा पोहोचला असेल? मला वाटते, ज्याच्या मनात आडपडदा नाही तो मऊ बोलतो, या अनुभवापासून सुरुवात झाली असावी आणि पुढे मऊ बोलणे तेवढे शिल्लक राहिले. इंग्रजीत याच्याशी जुळणारी कथा ‘ऑब्सिक्विअस’ची आहे. लॅटिनमधील ‘मागे जाणे’ या धातूपासून तो आला, एके काळी त्याचा अर्थ आज्ञाधारक, कर्तव्यतत्पर असा चांगला होता, आणि आज तो वाकून वाकून बोलणाऱ्याला लावतात. त्या लॅटिन धातूचा संस्कृत नातलग ‘सच्’, म्हणजे सोबत असणे, आणि त्यापासून झालेला आपला शब्द ‘सचिव’. एकाच मुळाच्या दोन फांद्यांपैकी एकीला मानाची खुर्ची मिळाली, दुसरीला उपहास मिळाला.

शेवटी सर्वांत जवळचा सापडला तो ‘दाक्षिण्य’. आज आपण तो शब्द ‘स्त्रीदाक्षिण्य’ या समासाबाहेर फारसा वापरत नाही, पण त्याचा मूळ आवाका मोठा आहे: समोरच्याच्या मनाचा अंदाज घेऊन त्याला सुखावेल असे वागण्याचे कौशल्य. संस्कृत काव्यशास्त्रातील नायकांच्या चार प्रकारांत अनुकूल, शठ आणि धृष्ट यांच्याबरोबर ‘दक्षिण’ नायक येतो, आणि त्याचे लक्षण असे की अनेक स्त्रियांवर त्याचे प्रेम सारखेच असते. म्हणजे तो कोणालाच फसवत नाही, तरी कोणा एकीचाही होत नाही. साहित्यशास्त्रातील हा नायक आणि खिडकी अर्धी लावणारा माझा यजमान एकाच रक्ताचे आहेत, असे मला वाटू लागले. तरीही ‘दाक्षिण्यशील यजमान’ लिहिताच त्याच्या अंगावर एकदम जरीचे उपरणे आले. शब्द अर्थाने योग्य होता, पण आजच्या वाचकासाठी फार समारंभी होता.

हे सारे शोधत असताना एक गोष्ट मी स्वतःपासून लपवत होतो, ती आता सांगून टाकतो. हा शब्द मला इतके दिवस सोडत नव्हता, कारण तो माझाच होता. माझ्यावर खुशामतीचा आरोप कोणी करणार नाही, कारण मला कोणाकडून काही मिळवायचे नसते; भिडस्त म्हणावे तर मी संकोचाने गप्प बसणाऱ्यांतलाही नाही. पण दोन मित्रांत वाद झाला की मी प्रत्येकाला एकांतात सांगतो की त्याचे म्हणणे मला पटले, आणि विशेष हे की त्या त्या क्षणी ते मला खरेच पटलेले असते. कोणी सल्ला विचारला की त्याला काय ऐकायचे आहे हे मी आधी ओळखतो आणि मग तेच माझे मत होते. एकदा एका तरुण परिचिताने आपले कवितांचे हस्तलिखित मला वाचायला दिले. मी त्याला इतके हुरूप देणारे पत्र लिहिले की त्याने ते हस्तलिखित तसेच छापायला टाकले. वर्षभराने तो भेटला तेव्हा रागावला नव्हता, त्याने शांतपणे इतकेच विचारले, ‘दादा, तुम्ही त्या कविता वाचल्या तरी होत्या का?’ मी वाचल्या होत्या, दोनदा वाचल्या होत्या. वाचल्या होत्या हेच सांगायला मला लाज वाटली.

त्याच्या त्या प्रश्नानंतर ते दोन भाऊ मला पुन्हा आठवले. इतरांना खूश ठेवण्यात मी जी धडपड करतो, तिच्या अखेरीस मला मिळते ते काय? घरी परतताना वाटणारे एक ऊबदार समाधान, की आज कोणी दुखावले गेले नाही आणि मी किती समजूतदार माणूस आहे. या समाधानाचे इंग्रजी नाव शोधायला गेलो तर ‘झ’च्या जागी पुन्हा ‘स’ येतो. ॲरिस्टॉटल म्हणतो की आरेस्कोसला लाभ नको असतो. माझा अनुभव असा की त्याला लाभ मिळतो, तो फक्त पैशांत मोजता येत नाही. तेव्हा भाषांतरात मी केलेली पहिली चूक अगदीच निराधार नव्हती, असे म्हणण्याचा मोह मला होतो, पण तो मोहही बहुधा स्वतःला खूश करण्याचाच आहे. मजकुरात ‘झ’ होता, आणि भाषांतरकाराने ‘झ’शी प्रामाणिक राहायचे असते.

अखेर मी लिहिले: ‘सर्वांचे मन राखण्यात रमलेला यजमान’. विशेषणाचे चार शब्द झाले, इंग्रजीचा आटोपशीरपणा गेला, पण खिडकीचा प्रसंग वाचताना आता ठेच लागत नव्हती. मजकूर तपासणाऱ्या बाई अनुभवी आणि चोखंदळ आहेत. त्यांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहून पाठवले: ‘रमलेला की अडकलेला?’ मी त्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. पहिल्या दिवशी माझे मत एक होते आणि दुसऱ्या दिवशी दुसरे. मग मी त्यांना फोन करून सांगितले की दोन्ही शब्द चालतील, तुम्हांला जो योग्य वाटेल तो ठेवा. पुस्तक छापून आले तेव्हा तिथे ‘अडकलेला’ होते.